लॅपटॉप अडकला? आधी हिशोब वाचवा, मग दुरुस्ती



मार्च जवळ आला की मला एकाच तऱ्हेचे फोन येतात. "मॅडम, लॅपटॉप काहीच चालून नाही राहिला जी. नुसतं गोल गोल फिरून राहिलं." ऑडिटची तारीख ठरलेली असते, बँकेला यादी द्यायची असते, आणि नेमकं तेव्हाच मशीन हलत नाही. मग कुणी बटण दाबून धरतं, कुणी चार्जर काढून पाहतं, कुणी थेट बाजारातल्या दुकानात नेऊन देतं.

म्हणून या वेळचा पाठ लॅपटॉपवर. मी कॉम्प्युटरची इंजिनिअर नाही, समाजकार्य शिकलेली आहे. पण गावोगावच्या कार्यालयात बसून जे शिकले आणि ज्या चुका पाहिल्या, ते सांगते. हा पाठ फक्त लेखापाल ताईंसाठी नाही. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि समूहातल्या प्रत्येक सदस्येने वाचावा. कारण त्या लॅपटॉपमध्ये जे आहे ते आपल्या सगळ्यांच्या बचतीचं आहे.

काय घडलं ते ऐका

आपल्याच जिल्ह्यातल्या एका प्रभागसंघाची गोष्ट आहे. नाव सांगत नाही. लॅपटॉप दिवाळीपासून हळू झाला होता. सुरू व्हायला पंधरा मिनिटं लागायची. स्क्रीनवर 'लो डिस्क स्पेस' असा मेसेज यायचा. त्यावरची फुली दाबून लेखापाल ताई पुढे काम करायच्या. फेब्रुवारीच्या शेवटी तो पूर्ण अडकला. ताईंनी दुसऱ्या दिवशी बाजाराला जाताना तो एका दुकानात दिला. चिठ्ठी घेतली नाही. दुकानदाराने सांगितलं, "नवीन विंडोज टाकून देतो, पळेल." दोन दिवसांनी अठराशे रुपये देऊन लॅपटॉप घरी आला. खरंच पळत होता. सगळ्या खूश.

मग कर्ज परतफेडीची फाइल उघडायला गेल्या, तर फाइलच नाही. फोल्डरही नाही. फॉरमॅट करताना सगळं पुसलं गेलं होतं. आणि 'कॉम्प्युटरात आहेच' म्हणून कागदी रजिस्टर नोव्हेंबरनंतर लिहिलंच नव्हतं. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, तीन महिन्यांच्या नोंदी गेल्या.

पुढच्या बैठकीत एका ग्रामसंघाच्या ताई म्हणाल्या, "आम्ही जानेवारीचा हप्ता भरला." यांच्याकडे नोंद नाही. आवाज वाढले. मागून कुणीतरी बोललं, "पैसे खाल्ले असतील, म्हणूनच पुसलं." लेखापाल ताई उठून घरी गेल्या आणि आठवडाभर कार्यालयात आल्या नाहीत.

आम्ही गावोगावची रजिस्टरं, पावत्या आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन बसलो. तीन आठवडे लागले. शेवटी हिशोब रुपयाला रुपया जुळला. कुणीच काही खाल्लं नव्हतं. पण बोललेला शब्द परत घेता येत नाही. आणि सगळ्यात वाईट वाटतं ते याचं, की मशीन भरून गेलं होतं, एवढंच कारण असावं. कार्यक्रमांचे व्हिडिओ बाहेर काढले असते तर अर्ध्या तासात काम झालं असतं.

या गोष्टीतून क्रम लक्षात ठेवा: आधी हिशोबाची प्रत, मग कारण, मग मदत, शेवटी दुरुस्ती. आपल्याकडे बहुतेक वेळा हा क्रम उलटा होतो.

लॅपटॉप हळू का होतो?

कार्यालयातलं लोखंडी कपाट आणि बसायचं टेबल डोळ्यासमोर आणा. कपाटात वर्षानुवर्षाची रजिस्टरं असतात. टेबलावर फक्त आज लागणारी असतात. लॅपटॉपमध्ये कपाट म्हणजे डिस्क आणि टेबल म्हणजे रॅम. आता कारणं बघा:

१. कपाट भरलं. डिस्कवर जागा उरली नाही की लॅपटॉपला स्वतःचं काम करायलाही जागा राहत नाही. पाचवा हिस्सा तरी मोकळा असावा.

२. टेबल लहान, वह्या जास्त. आपल्याकडचे बरेच लॅपटॉप ४ जीबी रॅमचे आहेत. त्यावर एक्सेल, व्हॉट्सॲप, यूट्यूब आणि ब्राउझरच्या दहा-बारा खिडक्या एकदम उघडल्या तर ते थकणारच. धानाच्या मिलमध्ये एकदम चार पोती ओतली तर मिल बसते, तसंच.

३. न बोलावलेले पाहुणे. लॅपटॉप सुरू होताच आपण न सांगता पाच-सहा प्रोग्राम आपोआप सुरू होतात. कुणीतरी कधीतरी टाकलेले असतात.

४. अपडेट. आठ-पंधरा दिवसांनी लॅपटॉप इंटरनेटला जोडला की विंडोज साठलेले अपडेट एकदम उतरवायला लागतं. तेव्हा तो थोडा वेळ हळू चालतो. हा बिघाड नाही.

५. ऊन आणि धूळ. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. वर टिनाचं छत. खाली गादी किंवा उशी, म्हणजे लॅपटॉपच्या पोटाखालची हवेची जाळी बंद. आत पंख्यात मळणीची धूळ, मिलचा कोंडा. मशीन जास्त तापलं की ते जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतं, कधी बंदही पडतं.

६. जुनी फिरती डिस्क. जुन्या लॅपटॉपमध्ये आत चकती फिरते, तिला हार्ड डिस्क म्हणतात. नव्यात एसएसडी असते, तिच्यात काही फिरत नाही, म्हणून ती कितीतरी वेगवान असते.

७. व्हायरस. दुसऱ्याचा पेनड्राइव्ह लावून किंवा फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून येतो.

बघा, सातपैकी पहिली पाच कारणं आपण स्वतः, एक रुपया न देता, सोडवू शकतो.

अडकला त्या वेळी काय करायचं

- थांबा. वरच्या पट्टीत 'नॉट रिस्पॉन्डिंग' दिसलं तरी पाच मिनिटं हात लावू नका. मोठी एक्सेल फाइल मनातल्या मनात बेरीज करत असू शकते. पुन्हा पुन्हा क्लिक केलं की कामं आणखी साठतात.
- फोटो काढा. स्क्रीनवर काही मेसेज असेल तर मोबाइलने फोटो काढा. इंग्रजी समजलं नाही तरी चालेल. मदत करणाऱ्याला तोच फोटो सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.
- अडकलेला एकच प्रोग्राम बंद करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप (डाव्या कोपऱ्यातलं सगळ्यात वरचं बटण) ही तीन बटणं एकत्र दाबा. 'टास्क मॅनेजर' उघडेल. अडकलेल्या प्रोग्रामवर क्लिक करून 'एंड टास्क' करा. सेव्ह न केलेलं काम जाऊ शकतं, हे लक्षात ठेवा. एक्सेल पुन्हा उघडल्यावर डाव्या बाजूला 'डॉक्युमेंट रिकव्हरी' आलं तर घाईने बंद करू नका, त्यात तुमची फाइल असू शकते.
- रिस्टार्ट करा. 'शट डाउन' नाही, 'रिस्टार्ट'. बऱ्याच लॅपटॉपमध्ये शट डाउन केल्यावर विंडोज काही भाग तसाच झोपवून ठेवतं, म्हणजे सकाळी सुरू झाल्यावर कालची अडचण आजही असते. रिस्टार्टने पाटी पूर्ण कोरी होते.
- अगदीच हलला नाही तर चालू-बंदचं बटण दहा सेकंद दाबून धरा. हा शेवटचा उपाय आहे, रोजची सवय नाही. स्क्रीनवर अपडेट चालू असल्याचं लिहिलेलं असेल तर हे मुळीच करू नका.

लॅपटॉपमधून कट-कट असा आवाज येत असेल तर जुनी डिस्क जायला आली असं समजा. दुसरं काही न करता आधी फाइलींची प्रत काढा. आणि टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला, खालचं झाकण फुगलं, तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग बंद करा, लॅपटॉप बंद करा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, लगेच दुरुस्तीला द्या. अशी बॅटरी पेट घेऊ शकते.

कारण कसं ओळखायचं

टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने असतात. त्याखाली टक्के दिसतात.

मेमरी नव्वदच्या वर असेल तर टेबल भरलंय. नको त्या खिडक्या बंद करा. डिस्क बराच वेळ शंभरवर अडकून असेल तर एक तर अपडेट चालू आहे, नाहीतर डिस्क जुनी आहे. तिथेच 'परफॉर्मन्स' भागात डिस्कपुढे एचडीडी की एसएसडी ते लिहिलेलं असतं, तेही बघून ठेवा. सीपीयू सारखा वर असेल आणि अनोळखी नाव दिसत असेल तर 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'क्विक स्कॅन' करा. हे विंडोजमध्येच असतं, वेगळे पैसे लागत नाहीत. दोन-दोन अँटीव्हायरस एकदम ठेवू नका, त्यानेही मशीन हळू होतं.

साफसफाई: महिन्यातून एकदा, अर्धा तास

- कार्यक्रमांचे फोटो, व्हिडिओ पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर हलवा. प्रत उघडते का ते पाहूनच लॅपटॉपमधून काढा. मग रिसायकल बिन रिकामं करा.
- सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज या क्रमाने गेलात की 'टेम्पररी फाइल्स' दिसतील. त्या काढायला हरकत नाही. पण त्या यादीत 'डाउनलोड्स' असेल तर त्यावर टिक करू नका. आपली बँक स्टेटमेंटं बहुतेक तिथेच पडलेली असतात.
- टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' भागात नको असलेले प्रोग्राम 'डिसेबल' करा. त्याने प्रोग्राम पुसला जात नाही, फक्त आपोआप सुरू होणं थांबतं. ज्याचं नाव ओळखीचं नाही त्याला विचारल्याशिवाय हात लावू नका.
- लॅपटॉप टेबलावर किंवा पाटावर ठेवा, गादीवर नाही. वापर नसताना सुती कापडाने झाका, वापरताना कापड काढा.

एक गोष्ट जुन्या मशीनबद्दल. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. तुमचा लॅपटॉप विंडोज १० वर असेल तर तो चालतो, पण सुरक्षेचे अपडेट पूर्वीसारखे येत नाहीत. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे कोणतं विंडोज आहे ते दिसतं. ११ बसतं का, हे जाणकाराला विचारा. त्यावर बँकेचे व्यवहार करत असाल तर हा विषय बैठकीत घ्याच.

हिशोबाची प्रत: हा पाठाचा मुख्य भाग

दशसूत्रीत 'नियमित लेखे' आहे. कॉम्प्युटर आला म्हणून ते सूत्र गेलं नाही. लोकओएससारख्या ॲपमध्ये भरून वर गेलेली माहिती सर्व्हरवर राहते. पण लॅपटॉपमधल्या एक्सेल फाइली, ठरावाचे मसुदे, कर्जदारांच्या याद्या, स्कॅन केलेली कागदपत्रं फक्त त्या लॅपटॉपमध्येच असतात.

म्हणून तीन नियम:

१. कागदी रजिस्टर आधी, कॉम्प्युटर नंतर. बैठकीतच लिहा, सही घ्या. महिनाअखेरीला एक्सेलची प्रिंट काढून फाइलला लावा.

२. प्रत तीन ठिकाणी. लॅपटॉपमध्ये, पेनड्राइव्हवर आणि प्रभागसंघाच्या ईमेलच्या गूगल ड्राइव्हवर. पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका. पिशवी चोरीला गेली तर दोन्ही जातं. तो कोषाध्यक्ष ताईंकडे कुलपात राहू द्या.

३. ईमेल संघाचा, व्यक्तीचा नाही. बऱ्याच ठिकाणी लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला तेव्हाच्या व्यवस्थापक ताईंचा खासगी ईमेल आणि मोबाइल नंबर त्यात टाकलेला असतो. त्या काम सोडून गेल्या की पासवर्ड त्यांच्यासोबत जातो. काही लॅपटॉप दुरुस्तीनंतर निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी 'रिकव्हरी की' मागतात. ती सहसा त्याच ईमेल खात्यात असते. खातं हाताशी नसेल तर आपल्याच फाइली आपल्याला उघडता येत नाहीत. पासवर्ड बंद पाकिटात, अध्यक्ष आणि सचिवांच्या सहीने, कपाटात ठेवा.

मदत मागायची कशी

"लॅपटॉप बिघडला" एवढंच सांगितलं तर समोरच्याला काहीच कळत नाही. डॉक्टरकडे गेल्यावर आपण सांगतो ना, ताप कधीपासून, खाल्लं काय, गोळी घेतली का? तसंच. एका कागदावर हे लिहा:

- कंपनी, मॉडेल आणि मागच्या बाजूचा सिरियल नंबर
- कधी घेतला, वॉरंटी आहे की संपली
- त्रास कधीपासून. एकदम की हळूहळू
- तेव्हा काय काम चालू होतं; स्क्रीनवरच्या मेसेजचा फोटो
- आपण काय काय करून पाहिलं
- डिस्कवर किती जागा मोकळी, रॅम किती

वॉरंटी असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच विचारा, बाहेर उघडून घेऊ नका. त्यांचा नंबर वॉरंटी कार्डवरून घ्या. नेटवर शोधून पहिला दिसेल तो नंबर लावू नका, त्यात खोटे 'कस्टमर केअर' नंबर असतात. वॉरंटी नसेल तर दोन दुकानांत भाव विचारा. गावातली कॉलेजला जाणारी मुलगी किंवा सेवा केंद्र चालवणारा दादा छोटी अडचण सोडवू शकतो, पण तेव्हाही आपल्यातली एक ताई शेजारी बसलेली हवी. बघत बसलं की आपणही शिकतो.

दुकानात देताना

दोघी जा. आधी प्रत काढलेली असू द्या. प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. लॅपटॉप सुरूच होत नसेल आणि प्रत नसेल, तर दुकानदाराला पहिलं वाक्य हे सांगा: "आधी डेटा काढून द्या, मग पुढचं." पेनड्राइव्ह, डिजिटल सहीचं टोकन, चार्जरची जास्तीची पिशवी, काही सोबत ठेवू नका. ब्राउझरमध्ये साठवलेले बँकेचे पासवर्ड काढा. जमलं नाही तर दुरुस्तीनंतर लगेच बदला.

चिठ्ठीवर दुकानदाराची सही घ्या आणि त्यावर स्पष्ट लिहून घ्या: "विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये. आधी खर्चाचा अंदाज द्यावा. बदललेला जुना भाग परत द्यावा." डिस्क बदलली तर जुनी डिस्क मागाच, त्यात आपले हिशोब असतात. बिल संघाच्या नावाने घ्या, पैसे संघाच्या खात्यातून द्या, नव्या भागाची वॉरंटी बिलावर लिहून घ्या. खर्चाचा ठराव करा. बिल देऊनही फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

फिरती डिस्क काढून एसएसडी टाकली किंवा रॅम वाढवली तर जुना लॅपटॉप आणखी काही वर्षं चालू शकतो. "नवीनच घ्या" म्हटलं की लगेच मान डोलवू नका, आधी हे विचारा.

मदत म्हणून येणारे चोर

कधी अचानक स्क्रीनभर लाल खिडकी येते, भोंगा वाजतो, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस, या नंबरवर फोन करा'. फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या मेसेजमध्ये फोन नंबर नसतो. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, पुन्हा उघडताना जुनं पान उघडू देऊ नका.

फोनवरचा माणूस एनीडेस्क किंवा तसलं ॲप टाकायला लावून आकडा विचारेल. तो आकडा दिला म्हणजे आपल्या लॅपटॉपची किल्ली दिली. ओटीपी, यूपीआय पिन कुणालाही नाही. पैसे मिळवायला पिन लागतच नाही. चूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. इंटरनेट बंद करा, बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

पुढच्या बैठकीत करा

१. आपल्या लॅपटॉपमध्ये किती जागा मोकळी आहे, ते सगळ्यांसमोर उघडून पाहा.
२. कागदी रजिस्टर कोणत्या तारखेपर्यंत लिहिलंय? आज लॅपटॉप हरवला तर किती दिवसांच्या नोंदी जातील?
३. पेनड्राइव्ह कुणाकडे राहील आणि दर महिन्याला कोणत्या तारखेला प्रत काढायची, याचा ठराव लिहा.
४. लेखापाल ताईंशिवाय आणखी दोघींनी टास्क मॅनेजर उघडून दाखवावा.

आणि एक विनंती. फाइल सापडली नाही, आकडा जुळला नाही, तर कुणावर बोट दाखवण्याआधी रजिस्टर, पावती आणि पासबुक हे तीन कागद समोर ठेवा. वर सांगितलेल्या प्रभागसंघातल्या लेखापाल ताई आता पुन्हा कामावर आहेत. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी त्या न चुकता प्रत काढतात, आणि त्या वेळी शेजारी आळीपाळीने एक सदस्या बसते. ती पद्धत त्यांनीच सुरू केली. आपणही सुरू करूया.

आपली,
क्षेत्र समन्वयक